जीटीचा कागद

"ठेव तिथं," रायर म्हणाले.

माझ्या हातात जांगिरीचा, म्हणजे इकडच्या इमरतीचा डबा होता. नुकताच दुकानातून आणलेला, वरच्या लाल कागदावर तुपाचे डाग. मी तो त्यांच्या हातात द्यायला पुढं केला होता. त्यांनी हात मागं घेतला आणि तिण्णैची खालची पायरी दाखवली. तिण्णै म्हणजे आमच्याकडचा घरापुढचा ओटा. त्याच ओट्यावर बसून मी दोन वर्षं त्यांच्याकडं शिकले होते. त्या सकाळी सरकारी नोकरीची यादी लागली होती. यादीत मी होते. त्यांचा मुलगा रघू नव्हता.

मी डबा ठेवला. त्याच पायरीवर माझे अप्पा शिवलेले कपडे ठेवायचे.

रायरांनी डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "बरं झालं हो, तुज मिळालं. कोट्यात मिळतंच. आमच्या लेंकानं पाप केलं, चांगल्या घरी जन्मला."

आता आम्ही कोण ते सांगते. आम्ही शिंपी. तंजावुरात मराठी राज्य आलं तेव्हा राजांबरोबर कारभारी आले, पुराणिक आले, आणि त्या सगळ्यांचे अंगरखे शिवायला आम्ही आलो. राज्य गेलं. कारभाऱ्यांची पोरं कोर्टात, कॉलेजात, बँकेत गेली. आम्ही अंगरख्यावरून ब्लाउजवर आलो. घरात दोघंही मराठीच बोलतो, त्यांची जरा नाकातली, आमची जरा तोंडातली. बाहेरचे तमिळ लोक आम्हाला आणि त्यांना एकाच दोरीत बांधून "मराठे" म्हणतात. रायरांना ते फार लागायचं. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण मराठी ब्राह्मणांना इथं रायर म्हणतात, म्हणून गल्लीत सगळे त्यांना तेच म्हणत. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मराठी लिपी आमच्यात फार थोड्यांना येते. मी हिंदीच्या परीक्षा देता देता शिकले. रायरांना ती येते. म्हणूनच मी हे मुद्दाम मराठीत लिहिते आहे.

अप्पांनी रायरांच्या घरातल्या बायकांची मापं आयुष्यात कधी घेतली नाहीत. मापाचा जुना ब्लाउज पायरीवर पडलेला असायचा, त्याच्या पोटात नवं कापड गुंडाळलेलं. अप्पा ते उचलून आणायचे. शिवून झालं की परत त्याच पायरीवर. मग आतून रायरांची बायको यायची, तांब्यातलं पाणी कपड्यांवर शिंपडायची आणि मग कपडे उचलायची. लहानपणी मला वाटायचं, नव्या कपड्यांना पाणी मारायची काही तरी रीत असेल. मी घरी येऊन आमच्याही शिवलेल्या कपड्यांवर पाणी शिंपडलं. अप्पांनी मला मारलं. आयुष्यात एकदाच. का मारलं ते सांगितलं नाही, आणि मीही पुढं कितीतरी वर्षं विचारलं नाही. एवढा आमचा शहाणपणा.

त्याच ओट्यावर रायर संध्याकाळी शिकवायचे. "आपल्या मराठी मुलांसाठी." फुकट. हे मान्य करते, माणूस शिकवायचा उत्तम. गणित असं सोडवून दाखवायचे की वाटावं, आपल्यालाच सुचलं. आम्ही चारपाच जण ओट्यावर मांडी घालून. रघू आत, खुर्चीवर, पंख्याखाली, उघड्या दारातून ऐकायचा. त्याला तिरुच्चीला आणखी दोन क्लास होते. मी ब्लाउजला हुक लावत लावत पाठांतर करायची. एका हुकाला एक साल, एका काजाला एक राजा.

शिकवून झालं की रायर भाषण करायचे. रोज तेच. "पेपर एक, प्रश्न एक, वेळ एक. मग निकाल वेगवेगळे कशाला? न्याय म्हणजे अवघ्यांस एक माप." आम्ही माना हलवायचो. मीसुद्धा. माप आणि न्याय या गोष्टी त्या ओट्यावर बसून ऐकताना मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी मान हलवली.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या आवारात सगळे उमेदवार लिंबाखाली उभे होते. तिथं कोणी पेपराबद्दल बोलत नव्हतं. सगळे एकमेकांच्या जाती मोजत होते. बीसीवाल्याला, म्हणजे माझ्यासारख्या मागासवर्गातल्याला वाटत होतं, एमबीसीची, अतिमागासांची रांग लहान. एमबीसीवाल्याला वाटत होतं, एससीवाल्यांची मजा. तमिळ माध्यमवाल्यांच्या वेगळ्या जागा म्हणून इंग्रजी शाळेतली मुलं चिडलेली. माजी सैनिकाचा मुलगा, विधवा बाई, पायानं अधू पोरगा, प्रत्येकाकडं बाकीचे असं पाहत होते की यानं मधेच रांगेत घुसून तिकीट काढलंय. आणि रघू सगळ्यांना सांगत होता, "आम्ही कितीही मार्क पाडले तरी बाहेरच." सगळे त्याच्याकडं सहानुभूतीनं पाहत होते. ज्यांच्यामुळं तो बाहेर राहणार होता, तेसुद्धा.

तिथंच एक मुलगी पायरीवर बसून केळीच्या पानातलं काहीतरी खात होती. काळी, किडकिडीत, हातात कव्हर फाटलेलं गाइड. पहाटेच्या पहिल्या बसनं उभ्यानं आलेली, हे ती दुसऱ्या कोणाला सांगत होती. तिच्या हॉल तिकिटावरची जात मला दिसली. आणि मी मनात म्हटलं, हिला काय, हिचं होईलच.

मी. जिच्या बापाला कधी माप घेऊ दिलं नाही, ती मी.

तर यादी लागली, डबा पायरीवर ठेवला गेला, आणि रायरांनी कोट्यात मिळतंच म्हटलं. मला राग आला. पण कसला राग आला, ते नीट ऐका. त्यांनी कोट्याला हलकं म्हटलं याचा राग नाही आला. त्यांनी मला त्यात धरलं याचा आला.

मी पर्समधून कागद काढला. यादीचं पान मी दुकानातून छापून आणलं होतं. म्हटलं, "सार, मी जीटीत आहे."

हे आमच्या राज्यात असं असतं. पहिल्यांदा जनरल टर्न भरतात, म्हणजे सर्वसाधारण वळण. त्यात जात बघत नाहीत, सगळ्यांतले वरचे मार्क बघतात. ते भरलं की मग बाकीची वळणं. यादीत नावापुढं दोन रकाने असतात. एकात जात, एकात वळण. माझ्या नावापुढं पहिल्यात बीसी, दुसऱ्यात जीटी. रघूला माझ्याहून सहा मार्क कमी होते.

रायरांनी चष्मा लावला. ओळीवर बोट फिरवलं. दोन्ही रकाने वाचले. एकदा नाही, दोनदा. मग चष्मा काढून म्हणाले, "मग हे तर आणखी वाईट. तुमच्यासाठी वेगळं ताट वाढलेलं होतं. ते सोडून तू आमच्या ताटात हात घातलास."

म्हणजे कोट्यातून गेले तर भीक, आणि मार्कांनी गेले तर चोरी. असा त्यांचा न्याय. अवघ्यांस एक माप.

मी काय केलं? हसले. म्हटलं, "तुमच्याच आशीर्वादानं, सार." वाकून नमस्कार केला आणि निघाले. हे लिहिताना आजही माझी मान गरम होते.

घरी अप्पा मशिनवर होते. मी सगळं सांगितलं. ताटाचंही. त्यांनी पाय थांबवला नाही. विचारलं, "डबा घेतला आत?"

"पायरीवर ठेवायला लावला."

"मग घेतला असेल. पाणी शिंपडून घेतात ते." आणि पुढची शिवण घातली.

जांगिरीवर पाणी. पाकातल्या जांगिरीवर. मला वाटलं होतं अप्पा चिडतील, निदान शिवी देतील. या माणसाच्या शांतपणाची मला तेव्हा किळस आली. मी ठरवलं, मी अशी राहणार नाही, मी दाखवून देईन. आणि मी काय केलं तर कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्या पानाच्या तीन झेरॉक्स काढल्या. रायरांनी ज्या कागदाला धूप घातला नाही, तो कागद बाकीच्या जगाला दाखवायला.

नेमणूक पापनाशमच्या बाजूला एका कचेरीत झाली. तिचं नाव घेत नाही. तंजावुराहून सकाळची पॅसेंजर, मग दहा मिनिटं चालत, दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि कडेनं पाट. कचेरीत जमिनीचे, जातीचे, उत्पन्नाचे दाखले. लोक सकाळपासून रांगेत. मी कनिष्ठ सहायक. पहिल्याच दिवशी हेड क्लार्कनं विचारलं, "कुठल्या वळणातून आलीस अम्मा?" आवाज एकदम मायेचा. मी सरळ कागदच काढला. त्यांनी वाचला आणि चहा मागवला. माझ्यासाठी.

त्याच दिवशी आणखी एक मुलगी रुजू झाली होती. तिलाही त्यांनी तेच विचारलं. ती म्हणाली, "एससी, सार." तिला चहा आला नाही.

ती लिंबाखालची मुलगी. सेल्वी तिचं नाव. तिनं मला ओळखलं, हसली. मला अक्का म्हणायला लागली. टेबल माझ्या शेजारीच.

कागद पर्समध्ये चार घड्यांत असायचा. जेवताना कोणी जातीचा विषय काढला की माझा हात आपोआप पर्सकडं जायचा. नवा शिपाई आला, दाखवला. दुसऱ्या कचेरीतली बाई बदलून आली, दाखवला. घडीच्या रेषेवर शाई उडाली तेव्हा दुसरी झेरॉक्स घेतली. लोक म्हणायचे, "हो का? जीटी? मग ठीक." त्या "मग ठीक"वर मी वर्षभर जगले. माझी कॉलेजची सीट बीसीची होती. हॉस्टेल बीसीचं होतं. चार वर्षं त्या हॉस्टेलची इडली खाऊन मी जीटीत येण्याएवढी जाड झाले होते. ते त्या पानावर लिहिलेलं नव्हतं, म्हणून मीही सांगत नव्हते.

मग ती चूक झाली.

आमच्याकडं आडनाव नसतं. नावाच्या आधी बापाच्या नावाचं एक अक्षर, बस. एका गावात दोन के. लक्ष्मी होत्या. एकीचा बाप कृष्णन, एकीचा कलियपेरुमाळ. घरजागेचा पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, मंजूर झाला होता कलियपेरुमाळच्या लक्ष्मीला. ऑर्डरचा मसुदा मी केला. मी पत्ता घातला कृष्णनच्या लक्ष्मीचा. सेल्वीनं तो पाकिटात घालून पाठवला, कारण पाठवणं एवढंच तिचं काम. खरी लक्ष्मी तीन दिवस कचेरीच्या व्हरांड्यात बसून होती, म्हातारी, पायात चप्पल नाही. आणि खोटी लक्ष्मी ऑर्डर घेऊन जागेवर दगड लावायला गेली. भांडण झालं. तक्रार वरपर्यंत गेली.

हेड क्लार्कनं फाइल उघडलीसुद्धा नाही. सरळ सेल्वीच्या टेबलापुढं येऊन, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "कोट्यातून भरलं की हे असंच. वाचता येत नाही, लिहिता येत नाही, बापाचं नाव कळत नाही." मग माझ्याकडं वळून, तोच मायेचा आवाज, "तुझ्यासारख्या जीटीतल्या चार जणी असत्या तर कचेरी चालली असती."

मी फाइलमध्ये डोकं घातलं. मला तेव्हाच कळलं होतं, मसुदा माझा आहे. मी बोलले नाही. दुपारी सेल्वीला मेमो मिळाला. सात दिवसांत लेखी उत्तर द्या. तिचं प्रोबेशन चालू होतं. मेमोचं उत्तर पटलं नाही तर प्रोबेशन लांबतं, आणखी काही झालं तर घरी. माझंही प्रोबेशन चालू होतं. मी स्वतःला सांगितलं, तिचं काय, तिला पुन्हा मिळेल. तिची रांग लहान आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी मागच्या खोलीत जेवत होतो. तिच्या डब्यात चिंचेचा भात, माझ्याही. मला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागायची सोडून मी भलतंच बोलले. म्हटलं, "सेल्वी, लोक मलाही कोट्याचीच समजतात. मलाही ऐकावं लागतं. पण मी हे दाखवते." आणि कागद काढून तिच्यापुढं धरला.

तिनं डाव्या हातानं घेतला. वाचला. त्याच यादीत खाली तिचंही नाव होतं, पण ते पुढच्या पानावर. मी ते पान कधी झेरॉक्स केलं नव्हतं.

"अक्का," ती म्हणाली, "हा कागद मला कशाला दाखवता? मी कधी विचारलं का तुम्हाला?"

तिनं कागदाची घडी परत होती तशी घातली आणि माझ्या डब्याशेजारी ठेवला. मग भात कालवत, वर न बघता बोलली, "मसुद्यावर सही तुमची आहे. मी फाइल बघितली. मी उत्तरात अजून ते लिहिलं नाही. तुम्ही सांगाल म्हणून थांबले. सोमवारपर्यंत थांबते. मग मला लिहावं लागेल, अक्का. माझ्या घरात माझ्याशिवाय कोणी कमावत नाही."

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तिला उद्धट म्हटलं असतं आणि सुटले असते. तिनं तीही सोय ठेवली नाही. त्या दिवशी पॅसेंजरमध्ये खिडकीला बसून मी पहिल्यांदा नीट विचार केला. कपड्यांवर पाणी शिंपडणारी रायरांची बायको, चहा मागवणारे हेड क्लार्क, आणि कागद दाखवणारी मी. तिघांचं काम एकच. रायरांच्या बायकोला निदान तांब्या तरी उचलावा लागायचा.

शुक्रवारी रायर आले.

मी खिडकीवर होते, पुढं तीसेक माणसं. रायर रांगेला वळसा घालून आतल्या दारानं थेट माझ्या टेबलाशी आले. पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, कपाळाला गंध, हातात प्लास्टिकची फाइल. गेल्या वर्षभरात या माणसानं माझ्याकडं ओट्यावरूनही पाहिलं नव्हतं. आता एकदम मराठीत, मोठ्यानं, "अगं, ओळखलंस का? आपली मुलगी इथं आहे म्हणून कळालं, किती बरं वाटलं म्हणून सांगू."

आपली मुलगी.

मी म्हटलं, "काय काम, सार?"

त्यांनी आवाज उतरवला. "रघूसाठी. सेंट्रलच्या जागा निघाल्यात. त्यात आता आमच्यासारख्यांसही ठेवल्यात ना, दहा टक्के. त्याचं सर्टिफिकेट इथूनच मिळतं. आमचं रेशनकार्ड अजून गावच्या पत्त्यावरच आहे."

"कोट्याच्या जागा," मी म्हटलं.

"कोटा नव्हे गं!" त्यांना खरंच लागलं. "ती सोय आहे. गरिबांसाठी. जातीचा काही संबंध नाही."

मी फाइल उघडली. अर्ज टाइप केलेला, सुंदर. शेतजमिनीपुढं लिहिलं होतं, चार एकर. पाच एकर किंवा त्याहून जास्त असेल तर हे सर्टिफिकेट मिळत नाही. मी कंप्यूटरवर त्यांच्या गावाचा, त्यांच्या नावाचा पट्टा काढला. आठ एकर. पाटाच्या कडेची, बारमाही पाण्याची. त्या जमिनीतला तांदूळ दर पोंगलला एक पिशवी आमच्या घरी यायचा, शिलाई म्हणून. पायरीवरून उचलून आणायचा.

"इथं आठ दिसतात, सार."

"ते नावापुरतं. बाकीचं बहिणींना द्यायचं आहे. द्यायचंच आहे. तू चार लिहून पुढं सरकव. वर कोण्ही बघत नाही." मग जरा पुढं झुकले. "आपल्यात काय ते."

"आपल्यात म्हणजे कोणात?"

"आपल्या मराठी माणसांत."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसले. या माणसाला मी घाबरत होते. या माणसाला पटावं म्हणून वर्षभर पर्समध्ये कागद घेऊन फिरत होते. आणि हा आठ एकरांचा धनी गरिबीचा दाखला मागायला माझ्यापुढं वाकला होता, आणि त्याला जराही लाज वाटत नव्हती. कणभरही नाही. ज्याला जन्मभर भीक म्हटलं, ती त्याच्या पानात पडली की सोय झाली. मी त्याला न्याय कळतो असं समजत होते! त्याला फक्त आपलं ताट कळत होतं.

मी खुर्ची मागं सारून उभी राहिले आणि तमिळमध्ये बोलले. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात.

"अय्या, हे कोट्याचं सर्टिफिकेट आहे. कोट्याची रांग बाहेर आहे. तिथं उभं राहा."

रांग वळून बघायला लागली. रायरांचं गंध घामानं ओलं झालं. मराठीतच पुटपुटले, "मी तुज शिकवलं."

"शिकवलंत," मी म्हटलं. "अवघ्यांस एक माप."

कोणकोणते कागद लागतील ते लिहून द्यायची आमच्याकडं पद्धत आहे. टेबलावर कोरा कागद नव्हता. मी पर्समधून तो कागद काढला. चार घड्या उलगडून पालथा टेबलावर पसरला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: सगळ्या जमिनीचे पट्टे. घराचा कर भरल्याची पावती. उत्पन्नाचा दाखला. रेशनकार्ड. खोटी माहिती दिल्यास अर्ज फेटाळला जाईल. तो कागद त्यांच्यापुढं सरकवला.

त्यांनी उचलला. सवयीनं उलटून पाहिला. पलीकडच्या बाजूचे दोन रकाने त्यांना दिसले. त्यांनी ओळखला. फाइल उचलून माझ्या हातात द्यायला पुढं केली, "निदान हे तरी घे."

मी अर्जांचा ट्रे दाखवला. "ठेवा तिथं."

ठेवली. आणि गेले. रांगेत थांबले नाहीत. असल्या माणसांना रांग सोसत नाही, मग ती त्यांच्याच कोट्याची का असेना. मी तो अर्ज नोंदला, सोबत आठ एकरांच्या पट्ट्याची प्रत लावली आणि नियमानं पुढं पाठवला.

मला वाटलं, मी जिंकले. मग सेल्वीकडं लक्ष गेलं. ती खाली मान घालून मेमोचं उत्तर लिहीत होती. रायरांना हाकलणं सोपं होतं. त्यांच्याकडून मला आता काही मिळायचं नव्हतं. ज्यांच्याकडून रोज चहा मिळत होता, ते पलीकडच्या टेबलावर बसले होते.

मी फाइल घेऊन हेड क्लार्कच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "सार, लक्ष्मीच्या ऑर्डरचा मसुदा माझा. पत्ता मी चुकवला. सेल्वीचा मेमो चुकीचा आहे."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. आवाज तोच, मायेचा. "कशाला अम्मा ओढून घेतेस? तुझं प्रोबेशन आहे. तिचं काय, ती कोट्यातली, तिला कोणी काही करत नाही. तू जीटीतली."

"मी कोट्यातली आहे, सार."

"पण तो कागद…"

"तो गेला," मी म्हटलं. "कॉलेज कोट्यातलं, हॉस्टेल कोट्यातलं, मी कोट्यातली. आणि चूक माझी. लिहून देते."

उभ्या उभ्या लिहून दिलं, सही केली, तारीख घातली. सेल्वीचा मेमो मागं घेतला गेला आणि माझ्या नावानं दुसरा निघाला. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी लांबलं. चहा त्याच दिवशी बंद झाला. सेल्वीनं मला मिठी वगैरे मारली नाही, आभारही मानले नाहीत. कशाचे मानणार? तिचंच तिला परत मिळालं होतं. ती अजून मला अक्का म्हणते, पण कुठलाही मसुदा पाकिटात घालण्याआधी माझ्यादेखत वाचून काढते. वाचू दे.

घरात उरलेल्या दोन्ही झेरॉक्स मी अप्पांना दिल्या. त्यांनी त्यांची मागची बाजू ब्लाउजच्या गळ्याचा नमुना कापायला वापरली. आता मापाला कोणी आलं की आम्ही टेप काढतो. ज्याला माप द्यायला लाज वाटते, त्यानं तयार कपडे घालावेत. पायरीवर ठेवलेलं काही आमच्या घरात येत नाही.

परवा कचेरीत नवा साहेब आला. चांगला पोरगा, हसरा. ओळखी झाल्या, आणि त्यानं विचारलंच, "तुम्ही कुठल्या वळणातून?"

"कोट्यातून," मी म्हटलं. "तुम्हाला त्या खुर्चीत कोणी बसवलं?"

त्याचं हसू गेलं. मी थांबले, त्याच्या तोंडाकडं बघत. यापुढं ज्यानं मला हा प्रश्न विचारला, त्याला आधी त्याचं स्वतःचं उत्तर द्यावं लागेल.